कासवाचं भाषांतर

"तुमचा रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे, सर. काळजी करू नका, अगदी नीट ठेवलाय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या टेबलावर नीट ठेवलेल्या अर्जांचं काय होतं हे संगणकाच्या सरांना चांगलं माहीत होतं. ते काचेच्या पेपरवेटखाली वर्षानुवर्षं नीटच राहत.

सर उभे होते. बसा म्हणायचं बाईंच्या लक्षात आलं नव्हतं, आणि न सांगता बसण्याइतकी धमक सरांच्यात उरली नव्हती. निवृत्ती दिसायला लागलेला पण हाताला न लागलेला माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत. सकाळी शाळेत येतानाच शाळा सुटल्यासारखे.

"बाई, शुक्रवारी दुपारच्या बसची तिकिटं काढून झालीत," सर म्हणाले. "नात खुर्ची धरून उभी राहायला लागलीय. आज-उद्या पाऊल टाकेल, म्हणते लेक. आम्ही अजून तिला फोनवरच बघतोय."

"अय्या, मग तर तुम्ही गेलंच पाहिजे!" बाई म्हणाल्या, आणि सर सावध झाले. बाई एखादी गोष्ट इतक्या चटकन मान्य करत, तेव्हा तिच्या पाठोपाठ दुसरी येत असे. ती आलीच. "फक्त जायच्या आधी तेवढं कासवाचं उरकून टाका."

कासव म्हणजे शाळेचं मैदान आखायचं यंत्र. आकाराने परातीएवढं, खाली तीन चाकं, पाठीवर पांढऱ्या फक्कीचा डबा. पुढे जा, उजवीकडे वळ, फक्की सोड, फक्की बंद कर, एवढंच त्याला कळायचं. पण तेवढ्यावर मुलं चौकोनापासून चांदणीपर्यंत सगळं काढायला शिकायची. मुलांनी आधी संगणकाच्या पडद्यावर छोटं कासव चालवायचं, मग मैदानावर मोठं. हे सगळं सुरू केलं होतं सरांच्याच बायकोने. ती त्याच शाळेत शिकवायची, आणि मुलांनी तिचं नाव कासवबाई पाडलं होतं. पुढे तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मग तिनेही दिला. प्रोग्रॅम मात्र तिचेच चालू होते. दर वर्षी खेळाच्या स्पर्धा आल्या की कासव तिच्या प्रोग्रॅमवर मैदानात उतरायचं आणि धावण्याच्या आठ लेन आखून गुपचूप कपाटात जाऊन बसायचं.

"मी परवा कार्यशाळेला गेले होते ना," बाई म्हणाल्या. कार्यशाळेहून बाई एक पिशवी, एक पेन आणि एक कल्पना घेऊन येत. पिशवी आणि पेन त्या स्वतः वापरत. "तिथे एका तज्ज्ञांनी सांगितलं, आता सगळं फंक्शनल भाषेत लिहितात. त्या भाषेत म्हणे काही बदलतच नाही. आणि जे बदलत नाही ते बिघडत नाही. मला फार पटलं. तर आपले कासवाचे सगळे प्रोग्रॅम त्या भाषेत करा."

"पण बाई, कासव चालतं म्हणजे बदलतंच ना? आधी इथे असतं, मग तिथे जातं."

"तो बारकावा तुम्ही बघा."

"आणि जुने प्रोग्रॅम चांगले चालतायत की."

"चालतायत हीच तर अडचण आहे, सर. जुनं चालत राहिलं तर नवं कोण करणार?" बाईंनी अर्जावरचं पेपरवेट जरा सरळ केलं. "शनिवारी स्पर्धांना पाहुणे येतायत. शुक्रवारी सकाळी नव्या भाषेतून मैदान आखून दाखवा, आणि तिथेच अर्जावर सही घेऊन दुपारच्या बसने जा. मी कशाला अडवू?"

सर घरी आले ते मूग गिळूनच. जेवताना शाळेचा विषय काढायचा नाही असा नवरा-बायकोत जुना करार होता. दोघं एकाच शाळेत असताना तो दोघांच्या भल्यासाठी केला होता. आता तो फक्त सरांच्या सोयीचा उरला होता.

"रजा मिळाली?" बायकोने विचारलं.

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"जेवताना शाळेचं बोलायचं नाही ना आपण."

"बरं. जेवून झाल्यावर बोला."

जेवून झाल्यावर सर न बोलता संगणकासमोर बसले. पण मनासारखं काम होत नसलं की सर स्वतःशी पुटपुटत, आणि त्या पुटपुटण्यात तिसऱ्यांदा कासव ऐकू आलं तेव्हा बायको हातातलं फडकं घेऊनच मागे येऊन उभी राहिली.

"माझ्या कासवाचं काय चाललंय?"

"भाषांतर," सर म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. लपवायलासुद्धा ताकद लागते.

बायकोने पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "म्हणजे ह्या भाषेत कासवाला पुढे जा म्हटलं की ते पुढे जातं ना?"

"नाही. पुढे जा म्हटलं की पुढे गेलेलं एक नवीन कासव मिळतं. जुनं जिथे होतं तिथेच राहतं."

"म्हणजे सांगितलं तरी जागचं हलायचं नाही."

"तसंच काहीसं."

"त्याला वेगळी भाषा कशाला लागते? मी लग्न झाल्यापासून बघतेय."

सरांनी दुर्लक्ष केलं. "शिवाय ही भाषा आळशी आहे. मी नाही म्हणत, तिच्या पुस्तकातच तसं म्हटलंय. कितीही काम लिहून ठेव, कोणी उत्तर मागितल्याशिवाय ती काडीचंही काम करत नाही. कोणी बघणार असेल तेव्हाच करायचं, नाहीतर नुसतं करू म्हणून ठेवायचं."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग पंख्याच्या बटणाकडे पाहिलं, जे महिनाभर दुरुस्त होणार होतं. "तुम्हाला ही भाषा जड जायची नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

जड गेलीच. कासवबाईंचे प्रोग्रॅम हुकुमांचे होते. पुढे जा, वळ, पुढे जा, वळ. सरांना त्या प्रत्येक हुकुमाच्या जागी वर्णन लिहायचं होतं. करायचं काय ते सांगायचं नाही, आहे काय ते सांगायचं. दिवसभर वर्गात मुलांना गप्प बसा, उठा, रांगेत या असं सांगून आलेल्या माणसाने संध्याकाळी एकही हुकूम न देता काम करून घ्यायचं, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने जेवायचं. अडेल तिथे बायकोला विचारणं सोपं होतं. पण ज्या बाईचं लिखाण आपण सुधारतोय तिलाच विचारायचं, हे सरांना बरं वाटेना. नवऱ्यांचं असं असतं. रस्ता चुकला तर चुकला, पण शेजारी बसलेल्या बायकोला विचारायचा नाही.

लेनच्या प्रोग्रॅमपाशी मात्र सरांना एकदम हुरूप आला. बायकोने सरळ लिहिलं होतं: हे आठ वेळा कर. सरांना ते अगदीच अडाणी वाटलं. लेन किती हव्यात हे कासवाने कशाला ठरवायचं? भाषा आळशी आहे, तर त्याचा फायदा घ्यावा. त्यांनी लेनची एक न संपणारी माळ लिहिली. पहिली लेन, मग तिच्याहून जरा मोठी दुसरी, मग तिसरी, अशी कायमची. त्यातल्या ज्याला हव्या तितक्या त्याने मागून घ्याव्यात. मागितल्या नाहीत त्या होणारच नाहीत, मग बिघडलं कुठे? पडद्यावर दाखवायच्या भागात त्यांनी आठ मागितल्या, आणि आठ लेन झरझर उमटल्या. कित्येक वर्षांत सरांना स्वतःचं काम इतकं आवडलं नव्हतं. त्यांनी बायकोला हाक मारली.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "पण ह्यात आठ कुठे लिहिलंय?"

"लेनच्या प्रोग्रॅममध्ये आठ कुठेच नाही. तेच तर सौंदर्य आहे त्याचं."

"मला बाई आठ लिहिलेलं दिसलं की बरं वाटतं," असं म्हणून ती बॅगा भरायला गेली. ती नातीसाठी विणलेल्या टोप्या एकदा बॅगेत घालत होती, एकदा काढत होती. फोनवरून डोक्याचं माप कळत नाही.

शुक्रवारी सकाळी मैदानावर सगळी तयारी होती. खेळाच्या सरांनी, ज्यांना गळ्यातल्या शिट्टीमुळे शाळा शिट्टीसर म्हणे, कासवाचा डबा फक्कीने काठोकाठ भरून वर हाताने दाबला होता. मोठ्या बाईंनी खुर्ची मागवली होती. त्यांच्या मांडीवर पॅड होतं, पॅडला सरांचा अर्ज लावलेला होता, आणि हातात कार्यशाळेचं पेन होतं. सरांनी बऱ्याच दिवसांनी तो अर्ज उजेडात पाहिला. बायको थेट बस थांब्यावर यायची होती. थांबा शाळेच्या फाटकातून निघालं की रस्त्याच्या वळणावरच होता.

मैदानावर पडदा नव्हता, तेव्हा पडद्यावर दाखवायचा भाग इथे बिनकामाचा. सरांनी तो काढून टाकला, प्रोग्रॅम कासवात भरला आणि बटण दाबलं. कासव जागच्या जागी उभं राहिलं.

"सुरू केलंत का?" शिट्टीसरांनी विचारलं.

"केलंय."

"मग हलत का नाही?"

"त्याला काय करायचं ते ठाऊक आहे," सर म्हणाले. "पण कोणी उत्तर मागत नाहीये ना, म्हणून ते करत नाहीये. संगणकावर पडदा उत्तर मागायचा."

"मग आपण मागू की!" असं म्हणून शिट्टीसरांनी जोरात शिट्टी वाजवली. वर्गांतली मुलं खिडक्यांशी गोळा झाली. कासव ढिम्म.

"सर, तुमची बस किती वाजता आहे?" मोठ्या बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

घाई झाली की माणूस बारीक काम करत नाही. सरांनी खुर्चीवरच्या बाईंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं आणि प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ ठोकून दिली. त्या ओळीचा अर्थ साध्या मराठीत असा होता: जे जे काही आहे ते सगळं आत्ताच्या आत्ता दे. आठ लेन मागणारी ओळ पडद्याच्या भागात होती, आणि तो भाग आपण मघाशी काढला, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

कासव निघालं. पहिली लेन काढली ती अशी, की शिट्टीसर वाकून बघायला लागले. दुसरी तिच्या बाहेरून, तिसरी दुसरीच्या बाहेरून, कुठे बोटभर इकडेतिकडे नाही. हळूहळू, पण न चुकता. आठवी लेन जुळली तेव्हा खिडक्यांतून टाळ्या पडल्या. शिट्टीसर म्हणाले, "हात मिळवा, सर!" मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या, पेनाचं टोपण काढलं आणि अर्जावर सहीची पहिली वेलांटी काढली.

तेवढ्यात कासव नवव्या लेनला लागलं.

"नववी कशाला?" बाईंचं पेन थांबलं.

"एखादी जादा असावी," सर म्हणाले, पण त्यांच्या कपाळाला घाम आला. त्यांना आत्ता कळलं होतं. दहावी लेन शोभेच्या झाडांच्या वाफ्यातून गेली. अकरावीच्या वाटेत बाईंची खुर्ची आली. कासवाला पुढे अडथळा दिसला की ते वळसा घालून पुन्हा आपल्या मार्गाला लागायचं, ही सोय कासवबाईंनीच मुलांच्या पायांसाठी करून घेतली होती. अकराव्या लेनला खुर्चीभोवती एक सुबक फुगवटा आला. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"थांबवा त्याला!"

"ह्या भाषेत थांब म्हणता येत नाही, बाई. ती हुकूम घेत नाही. तिला फक्त व्याख्या सांगता येतात."

"मग थांबण्याची व्याख्या करा!"

सर गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन ती करू लागले. शिट्टीसरांना भाषेवर भरवसा नव्हता. कासवाचं बंद करायचं बटण पोटाखाली असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी धावत जाऊन कासवासमोर सपशेल लोटांगण घातलं आणि पोटाखाली हात घालायला गेले. कासवाने त्यांना अडथळा मानलं आणि डोक्यापासून बुटापर्यंत सबंध वळसा घालून ते पुढे गेलं. शिट्टीसर उठले तेव्हा बाराव्या लेनला शिट्टीसरांचा आकार आला होता.

पुढच्या लेनच्या वाटेत कुंपणाची भिंत होती. भिंत ही कासवाच्या दृष्टीने नुसती लांबलचक खुर्ची. तिला वळसा घालायला ते भिंतीकडेने फाटकापर्यंत गेलं आणि फाटकातून बाहेर पडलं. सरांची व्याख्या तेव्हा निम्मी झाली होती. ती पुरी झाली तेव्हा कासव लॅपटॉपच्या टप्प्याबाहेर गेलेलं होतं.

"सर," मोठ्या बाई फाटकापर्यंत येऊन म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज गोड नव्हता, "हे यंत्र शाळेच्या मालकीचं आहे. ते थांबेपर्यंत त्याला सोडून तुम्ही कुठेही जायचं नाही. समजलं?"

"समजलं, बाई," सर म्हणाले, आणि कासवामागून चालू लागले.

कासव काही पळत नव्हतं. उलट ते इतकं सावकाश चाललं होतं की त्याच्यामागून चालायला एरवीच्या दुप्पट दम लागत होता. सरांना वाटलं, आपल्या नोकरीचं ह्याहून खरं चित्र कोणी काढलं नसतं: पुढे एक न थांबणारी गोष्ट, मागे आपण, आणि कडेला बघे. रस्त्यावर पांढरी रेघ उमटलेली पाहून शिंपी दुकानाबाहेर आला.

"साहेब, रस्ता रुंद करताय का?"

"नाही हो."

"मग ही रेघ कसली?"

"धावण्याची लेन आहे."

शिंप्याने मान डोलावली, आणि सरांची पाठ वळताच आपली पाटी आणि स्टूल उचलून रेघेच्या आत घेतलं. त्याचं बघून शेजारच्या न्हाव्याने बाक आत ओढला. एकाने उभी केलेली मोटार ढकलून रेघेला समांतर लावली, आणि मग त्याच्यामागे दुसऱ्याने लावली. रेघ ओढलेली दिसली की ती कोणी ओढली हे विचारायच्या आधी माणूस तिच्या अलीकडे होतो. सरांनी दोघा-तिघांना समजावून पाहिलं, मग सोडून दिलं.

न्हाव्याच्या दुकानापुढे रेघ पुसट व्हायला लागली. सरांना हायसं वाटलं. फक्की संपली की निदान गाजावाजा तरी थांबेल. इतक्यात मागून धापा टाकत शिट्टीसर आले, खांद्यावर फक्कीचं पोतं घेऊन. कासवाबरोबर चालता चालता त्यांनी सफाईने झाकण उघडलं आणि डबा पुन्हा काठोकाठ भरला.

"अहो, हे काय केलंत?" सर जवळजवळ रडकुंडीला आले.

शिट्टीसरांनी हातातल्या रिकाम्या पोत्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांच्याही ध्यानात आलं. "रेघ तुटत होती हो," ते ओशाळून म्हणाले. "इतकी वर्षं मैदान आखतोय. तुटकी रेघ बघवत नाही मला."

वळणावर थांबा दिसला. थांब्यावर सरांची बायको दोन बॅगा आणि छत्री घेऊन उभी होती, आणि रस्त्याच्या टोकाला बसही दिसत होती. सरांनी बसकडे पाहिलं, मग कासवाकडे पाहिलं. आपली लेक पहिलं पाऊल टाकत होती त्या दिवशी ते शाळेत परीक्षेचे गुण भरत बसले होते. घरी आले तेव्हा ती दमून झोपली होती. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा चालून दाखवलं, पण ते पहिलं नव्हतं. ही गोष्ट सरांनी कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती, आणि आता ह्या फक्कीच्या धुरळ्यात ती एकदम वर आली.

कासव रांगेतल्या माणसांना एकेक करून वळसे घालत बायकोच्या बॅगांपाशी आलं. तिने आधी त्याला ओळखलं, मग त्याच्यामागून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या झालेल्या नवऱ्याला.

"कितवी लेन ही?" तिने विचारलं.

"मोजायचं सोडलंय मी," सर म्हणाले. "तू जा. बस आली. बाईंनी सांगितलंय, कासव थांबेपर्यंत त्याला सोडून कुठे जायचं नाही. आणि हे थांबायचं नाही. मी असं लिहिलंय की हे थांबूच शकत नाही." त्यांनी बसकडे बोट केलं. "माझ्या वाट्याचं तू बघून ये. आणि नीट बघ. आल्यावर मला सगळं सांग."

वाकणं बायकोच्या गुडघ्यांना जमण्यासारखं नव्हतं. तिने छत्री उलटी धरली, तिची वाकडी मूठ कासवाच्या कडेखाली बेतशीर घातली आणि मुलांच्या डब्याचं झाकण उघडावं तसं कासव उताणं केलं. खालून आलेली छत्री कासवाला अडथळा म्हणून दिसलीच नाही. त्याची चाकं हवेत फिरत राहिली.

"बटण दाबा," ती म्हणाली.

सरांनी दाबलं. फक्कीने बटण गच्च बसलं होतं. सरांनी पुन्हा दाबलं, शिट्टीसरांनी दाबलं, मग शिट्टीसर त्यावर जोरात फुंकर मारून स्वतःच ठसकले. चाकं फिरतच होती. कासव आपल्या समजुतीने अजून शाळेला फेरी घालत होतं.

"मैदानावरच्या आठ लेन झाल्या ना?" बायकोने विचारलं.

"झाल्या. चांगल्या झाल्यात."

"मग बाईंना हवं होतं ते झालंय. आता हे थांबलंय का?"

"नाही."

"तर मग ह्याला सोडून जायचं नाही म्हणाल्या ना बाई? नका सोडू." तिने बॅग उचलली. "घ्या उचलून. चला."

सर बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंचा हुकूम इतका तंतोतंत पाळता येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. डब्यातली उरलेली फक्की शिट्टीसरांनी आपल्या पोत्यात उपसून घेतली, कासव स्वतः उचलून बसमध्ये चढवलं आणि खाली उतरून, कारण नसताना, बस सुटायची शिट्टी वाजवली. बस सुटली.

"हे काय आहे, काका?" वाहकाने विचारलं. सरांच्या मांडीवर उताणं कासव गुरगुरत होतं.

"शाळेचं काम," सर म्हणाले. वाहकाने कीव आल्यासारखा चेहरा केला आणि तिकिटं तपासून पुढे गेला.

थोड्या वेळाने मोठ्या बाईंचा फोन आला. "कासव कुठे आहे?"

"माझ्याजवळच आहे, बाई."

"थांबलं का?"

"नाही अजून."

"मग हलू नका त्याच्यापासून. आणि ऐका, उद्याच्या पाहुण्यांपैकी एकजण आत्ताच येऊन मैदान बघून गेले. आठ लेन फार आवडल्या त्यांना. त्यापुढच्या लेनचं विचारत होते. मी सांगितलं, त्या फंक्शनल आहेत. ते चार वेळा वा म्हणाले." बाई जरा थांबल्या. "तुमच्या अर्जावर सही करून ठेवलीय मी. यंत्र थांबलं की न्यायला या."

"येतो, बाई," सर म्हणाले, आणि फोन ठेवून खिडकीला डोकं टेकून झोपले. चाकं बरीच वाट फिरत होती. बॅटरी कधी संपली ते कोणालाच कळलं नाही.

लेकीच्या घराचं दार उघडलं तेव्हा सरांनी चपलाही काढल्या नाहीत. समोरच्या खोलीत खुर्चीला धरून नात उभी होती. तिने आजोबांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आजोबांच्या काखेतल्या विचित्र वस्तूकडे पाहिलं. मग खुर्ची सोडली. नातीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. सरांनी बायकोचा हात घट्ट धरला. नात तशीच चालत टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली, तिथून एक चमचा घेऊन आली, वाटेतली चप्पल ओलांडली आणि आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

पहिल्यांदा चालणारं मूल चमचे आणत नाही, हे न कळण्याइतके सर भोळे नव्हते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली.

"सोमवारी चालली, बाबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही रजेसाठी इतकी धडपड करत होतात, मला फोनवर सांगवेना. आईला पण नाही सांगितलं. रागावलात?"

सरांना वाईट वाटलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. इतकं सगळं करून पुन्हा तेच. मग ते कासव बाजूला ठेवून खाली बसले आणि नातीच्या हातातला चमचा घेतला.

"सोमवारी आम्ही इथे होतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ते तेव्हा झालंच नव्हतं. बघणारं माणूस आल्याशिवाय काही होत नसतं. आत्ता झालं ते पहिलं."

लेकीला काही कळलं नाही. तिने आईकडे पाहिलं. आता आई बाबांची टर उडवणार असं तिला वाटलं. पण आईने बॅगेत खोल हात घातला, सगळ्या टोप्या एकदम बाहेर काढल्या आणि त्यांच्या आड आपला चेहरा धरला.

"बरोबर सांगतायत ते," ती म्हणाली. "असंच असतं ते. तुला नाही समजायचं, ती नवीन भाषा आहे."